मर्वची डबी आणि माझे ओठ

माझा नवरा मर्व लिडिकोट मेलबर्नच्या ट्रामना रंग द्यायचा. एकोणसत्तर साली मेंदूज्वरातून वाचला, पण दोन्ही कान गेले. अठ्ठावीस वर्षांचा होता. तेव्हापासून दुकानदार काय म्हणाला, पाद्री काय म्हणाले, सगळं मी आवाज न काढता नुसत्या ओठांनी त्याला सांगायचे. तेरा वर्षं हेच. माझी बहीण म्हणते, नोरीनचे ओठ झोपेतही हलतात. म्हणू दे, तिचं काय जातंय!

ब्याऐंशीत डॉक्टरांनी त्याच्या कानामागे, कातडीखाली यंत्र बसवलं, आतल्या कानात बारीक तार सोडली. त्याच्या जोडीला खिशात ठेवायची एक डबी, आवाज पकडून त्या तारेपर्यंत पोचवणारी; ती नसेल तर यंत्र मुकंच. पण ती घरी कोणाला मिळणार? ओठ न बघता जो शब्द ओळखेल त्याला. बाकीच्यांची डबी दवाखान्यातच राहायची. मर्वचा सगळा जीव त्या डबीत अडकला होता.

परीक्षा घ्यायला ग्वेंडा नावाची तरुण मुलगी होती. भरतकामाच्या गोल चौकटीला काळं कापड ताणून ती तोंडापुढे धरायची आणि शब्द म्हणायची. मी तिच्या शेजारी बसले होते. मर्वने विसातले अठरा ओळखले. ग्वेंडा हरखली, डॉक्टरांना बोलवायला उठली. मी मर्वकडे बघितलं. तो हसत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता.

मेले माझे ओठ! ती शब्द म्हणत होती आणि मी सवयीने त्याला सांगत होते.

गप्प बसले असते तर डबी मिळाली असती. खोटं कशाला बोलू, क्षणभर बसलेही. पण ऐकू येतंय की नाही हेच कळणार नसेल, तर ती डबी घेऊन करायचं काय? मी ग्वेंडाला सगळं सांगून टाकलं. मर्वने मान खाली घातली.

"मला कळत होतं," तो म्हणाला. "पण डबी हवी होती गं."

ग्वेंडा रागावली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. तिने मला त्याच्या पाठीमागे बसवलं आणि नवे वीस शब्द घेतले. सहा आले. डबी बंद करून घेतले, तर एकही नाही. मला रडू आवरेना.

"सहा खरे आहेत," ग्वेंडाने कागदावर लिहून त्याला दाखवलं. "घेऊन जा."

संध्याकाळी मी चॉप्स तळत होते. मर्व डबी खिशात घालून खिडकीपाशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून. वाटाणे घेणार का, असं मी विचारलं, तेही नुसत्या ओठांनी. मग माझं मलाच कसंतरी झालं. तेरा वर्षांत मी माझ्या माणसाशी आवाज काढून बोललेच नव्हते.

"नोरीन, काहीतरी बोल," तो म्हणाला. "मी मुद्दाम पाठ केलीय."

मी आवाज काढून नुसतं "मर्व" म्हटलं.

तो वळला नाही.

"परत म्हण," म्हणाला.