लेकला आजोळाहून मिळालेलं

मी हिशेबातला माणूस. देवाला नमस्कार करतो, पण भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून पाणी प्यायला जातो. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली... जे घडलं तेवढंच लिहितोय, पदरचं काही नाही.

१९८८ च्या सुमारास रत्नागिरीत, मिरजोळ्याला, आंब्याचा पल्प डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात मी अकाउंट्स आणि कॉम्प्युटर, दोन्ही बघायचो. जोडीला विलास, माझा शाळेपासूनचा मित्र. शेठनी मुंबईहून दोन जुनी वर्कस्टेशन्स, म्हणजे ताकदीचे कॉम्प्युटर, आणली होती; एक मोठं, एक धाकटं. सिस्टीमची टेप वाचणारा टेप ड्राइव्ह फक्त मोठ्याला. धाकट्यावर ऑपरेटिंग सिस्टीम घालायची तर मोठ्याकडून, केबलवरूनच. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला नाव लागतं. विलासने मोठ्याचं ठेवलं 'माहेर' आणि धाकट्याचं 'लेक'. म्हणाला, लागेल ते आणू दे तिला माहेराहून.

पुढे आमचं दोघांचं कॉम्प्युटर ऑफिस काढायचं ठरलं होतं. मांडवीच्या जेटीवर बसून तिथल्या मशीनचं नावही ठरवलं — 'आजोळ'. ते आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या भरवशावर मी पुण्याची चांगली नोकरी नाकारली.

मग विलासला मुंबईत नोकरी लागली. मला सांगितलं एस्टीत बसण्याच्या आदल्या दिवशी. वर्षभर अनुभव घेतो, मग आपलं ऑफिस, तू जागा बघून ठेव, म्हणाला. मी जागा बघत राहिलो...

ऐन सीझनच्या तोंडावर लेकची डिस्क गेली. नवी बसवली, पण सिस्टीम पुन्हा घालावी लागणार होती. शेठ म्हणाले, शनिवार दुपारपर्यंत चालू झालं तर ठीक, नाहीतर दोन्ही मशीन विकतो, तुम्ही परत गोदामाच्या हिशेबाला जा.

लेक केबलवर विचारायची, माहेर उत्तर द्यायचं, आणि निम्म्यावर सगळं थांबायचं. एक भाग माहेरावर नव्हताच. तो मूळ टेपवर होता, आणि टेप कपाटात नव्हती. विलासला ट्रंक कॉल लावला.

"कपाटातच ठेवलीय रे मी. चष्मा लावून बघ जरा," तो हसला.

सगळं कपाट रिकामं केलं. शनिवारी सकाळी शेवटचा प्रयत्न फसला, तेव्हा माहेर बंद करून त्याचा प्लग काढला आणि शेठना सांगायला निघालो. लेक तशीच चालू राहिली होती. दाराशी पोचलो तोच आमच्या टायपिस्ट नलूताईंनी हाक मारली.

"अहो, हे आजोळ कुठचं ओ?"

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत, उत्तर देणाऱ्या मशीनचं नाव होतं — आजोळ. त्याखाली एकेक फाइल उतरत होती. केबल मी स्वतः मापून टाकलेली, अकरा मीटर, दोन्ही टोकं त्याच खोलीत, टोपणं लावून बंद केलेली, मधे जोडलेली फक्त ही दोन मशीन. टेलिफोनच्या लाइनशी काही संबंध नाही. तरी सिस्टीम पूर्ण उतरली. लेक चालू झाली. शेठ खूश झाले.

मी घाईने विलासला फोन लावला. वाटलं, हे सांगण्यासारखा माणूस एकच आहे.

"विलास, लेक चालू झाली. आजोळाने दिलं तिला."

विलासने आवाज खाली घेऊन विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"आजोळचं. अरे, इथला पार्टनर घाई करत होता... ऑफिस या आठवड्यातच सुरू केलं. तुला लिहिणारच होतो मी."

मी टेपचं विचारलं. ती त्याच्याकडेच होती. सकाळपासून त्याच्या नव्या, आजोळ नावाच्या मशीनवर लावलेली होती.

मी फोन ठेवला. त्यानंतर त्याच्याशी बोललो नाही.

पुढे कितीतरी इंजिनिअरना हे सांगितलं. सगळे आधी विचारतात, केबल नीट तपासली होती ना? तपासली होती. मधे तार नसताना मुंबईहून ते लेकपर्यंत कसं पोचलं, हे मला आजही कळलेलं नाही.

आणि नाव तरी तेच का ठेवलंस, हे त्याला विचारायचं राहिलं.