आईची मातीची पट्टी

आमचं शिवणकामाचं दुकान चामराजपुरमात होतं आणि घर त्याच्याच मागे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. चाळिशी उलटेपर्यंत त्यांना पोटानं छळलं. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं, जेवणाच्या वेळा चुकवायच्या, वर कॉफीवर कॉफी. आंबट ढेकर आणि डोकेदुखी कायमचीच. शेवटी एका गिऱ्हाइकानं त्यांना गावाबाहेरच्या निसर्गोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे ते तीन आठवडे राहिले. पोटावर मातीची पट्टी, थंड पाण्याचं कटिस्नान, कोहळ्याचा रस, पहाटे आसनं. परत आले तेव्हा सदरा अंगावर ढगळ झाला होता. तो उसवून आत घेताना ते गुणगुणत होते. अण्णा गुणगुणतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

घर बदललं. कॉफी गेली, रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच उरकू लागलं. अण्णा शेतातून वारुळाची माती आणायचे, चाळायचे, उन्हात वाळवायचे, मडक्यात भिजत घालायचे. शेजारपाजारचे लोक डोकं दुखलं की आमच्याकडे येऊ लागले. शरीर आपलं आपण दुरुस्त होतं, आपण मधे पडायचं नाही, असं ते प्रत्येकाला सांगायचे. त्यांना स्वतःला गुण आला होता, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. वाळत घातलेल्या कपड्यांत माती गुंडाळायची एक नवी, आखूड कापडी पट्टी दिसू लागली. ही कुणाची, असं आईला विचारलं, तर ती म्हणाली, "सुम्ने ग." आमच्या घरच्या मराठीत उगाच, काही नाही, सोडून दे, या सगळ्याला हा एकच कन्नड शब्द पुरायचा.

मग एका सकाळी मी न विचारता खोलीचं दार ढकललं. आई पडलेली होती आणि अण्णा तिच्या उजव्या छातीवर मातीची पट्टी धरून बसले होते. गाठ होती. पाच महिन्यांपासून होती. मी खूप बोलले, बोलू नये तेही बोलले. अण्णा शांतपणे म्हणत राहिले की गाठ मऊ पडते आहे, थोडे दिवस जाऊ देत. निदान तुमच्या डॉक्टरांना तरी दाखवा, असं मी म्हटल्यावर मात्र ते लगेच उठले. डॉक्टर शाबासकीच देतील अशी त्यांना खात्री होती.

डॉक्टरांनी नर्सला बोलावून आईला तपासलं. मग काखेत बोटं दाबून पाहिली आणि हात धुतले. ते कन्नडमधूनच बोलत होते.

"किती दिवस झाले?"

"पाच महिने," अण्णा म्हणाले. "रोज पट्टी ठेवतो. एक दिवस चुकवला नाही."

"हे मातीचं काम नाही. मी तुम्हाला असं कधी सांगितलं होतं?"

डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या पेशंटांना थांबायला सांगितलं, चपला घातल्या आणि रिक्षातून आमच्याबरोबर थेट मोठ्या हॉस्पिटलात आले. आईचं नाव नोंदवून, तिथल्या सर्जनशी बोलूनच ते परतले.

ऑपरेशन झालं. रोग काखेपर्यंत पोचला होता. वेळेवर आला असतात तर, एवढंच म्हणून सर्जन थांबले. पुढची औषधं, केस गळणं, उलट्या, सगळं आईनं सोसलं. अण्णांनी आसनं सोडली. उरलेली माती त्यांनी परसात ओतून टाकली. दुकानात बसायचे, पण मापं चुकायला लागली.

त्यांना पुन्हा उठवलं ते आईनं. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हॉस्पिटलातल्या बाईंनी व्यायाम शिकवला होता : भिंतीकडे तोंड करून बोटं वर वर चढवत न्यायची. एका सकाळी तिनं अण्णांना हाक मारली आणि म्हणाली, "तुम्ही जवळ उभे राहा. किती वर गेला ते मला कळत नाही."

अण्णा दुकानातला खडू घेऊन आले. रोज बोटं पोचतील तिथे निळी रेघ ओढायची. रेघा हळूहळू कपाटाच्या वर गेल्या. नंतर दोघं चटईवर बसून सावकाश श्वास घ्यायची. तेवढी परवानगी सर्जननी दिली होती. पुढे मडक्यात पुन्हा माती भिजू लागली, पण कुणी पट्टी मागायला आलं की अण्णा आधी विचारायचे, हॉस्पिटलात दाखवलंत का? दाखवलं नसेल तर पट्टी मिळायची नाही.

आई सहा वर्षं जगली. दुखणं परत आलं तेव्हा ते हाडांत होतं.

शेवटच्या दिवसांत मी तिची वेणी घालत होते. केस पुन्हा आले होते, पण पातळ. इतकी वर्षं अडून राहिलेला प्रश्न मी विचारला, की ते पाच महिने तू मला का नाही सांगितलंस, तुला भीती नाही वाटली?

"वाटायची," ती म्हणाली. "पण लग्न झाल्यापासून ह्यांची पाठच बघत आले मी, मशीनवर वाकलेली. पट्टी ठेवली की अर्धा तास माझ्याजवळ बसायचे. बोलायचे. चांगलं वाटायचं ग मला."

मी वेणी पुरी केली. दुकानातून मशीनचा आवाज येत होता. अण्णांना हे मी कधीच सांगितलं नाही.