मनोऱ्यावरची राखण

सासऱ्यांनी माझं आजवर एकदाच कौतुक केलं आहे, आणि ते मला पक्षी अभयारण्यातून बाहेर काढलं त्या दिवशी.

मामा, म्हणजे माझे सासरे, कळवणकडचे कसलेले शेतकरी. मी सातपूरच्या कारखान्यात लेथवर. "पोरगी मशिनवाल्याला दिली," असं ते चारचौघांत सांगत आणि ऐकणारे त्यांचं सांत्वन करत. (मूळचा मीही मळ्यातलाच, पण नोकरी लागल्यापासून ते फारसं सांगत नसे.) मामांवर एकदा तरी छाप पाडायचीच, या हट्टानं मी दुर्बीण घेतली, पक्ष्यांची नावं पाठ केली आणि ऐन थंडीत त्यांना नांदूरमधमेश्वरला नेलं. डबा घेऊन बायको, संगीता, सोबत होतीच.

निरीक्षण मनोऱ्यावर मोठ्या कॅमेऱ्यांची मंडळी पहाटेपासून श्वास रोखून बसली होती. समोर पाण्यावर बदकांचा बाजार भरला होता.

"मामा, इथं अजिबात आवाज करायचा नाही," मी कुजबुजलो. "तो बघा चक्रवाक. हिमालयापलीकडून येतो."

"खातो काय?"

"दाणे, कोवळं गवत..."

"मंग आपल्या शिवारात नको," मामांनी निकाल दिला आणि जांभई दिली.

तेवढ्यात आभाळात काळा ढग वळावा तसा भोरड्यांचा थवा आला आणि मनोऱ्याजवळच्या ज्वारीवर झेपावला. हे परदेशी पाहुणे कुठून येतात, ते मला मामांना सांगायचं होतं. पण माझे लहानपणीचे सगळे हिवाळे शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहून याच भोरड्या हाकलण्यात गेलेले. पायाखाली उंच मनोरा, खाली हुरड्यातली ज्वारी! संगीताच्या हातातला स्टीलचा डबा मी केव्हा हिसकावला आणि झाकणानं केव्हा बडवायला लागलो, मलाच कळलं नाही.

"हाऽऽ हाऽऽ हुर्रर्र!"

भोरड्या उडाल्या. पाण्यावरची बदकं उडाली. करकोचे उडाले. चक्रवाक तर बहुधा थेट हिमालयाकडेच परत निघाला. डब्यातल्या मेथीच्या पुऱ्या कॅमेऱ्यांवर जाऊन पडल्या. (एकानं त्यातली एक खाल्ली आणि ती त्याला आवडली, असं संगीता अजून सांगते.) मग मनोऱ्यावर ती शांतता पसरली, जी मी मामांकडे सकाळपासून मागत होतो.

"काका, तुम्ही खाली या," रखवालदार मला म्हणाला.

मी मान खाली घालून उतरलो. संगीता माझी ओळख नसल्यासारखी चालत होती. मामांनी मात्र खांद्यावर हात टाकला.

"लय भारी आरोळी हाय राव! एक दाणा खाऊ दिला नाय. मला वाटलं व्हतं, मशिनीवर माणूस पार वाया गेला."

फाटकापर्यंत भेटेल त्याला ते थांबवून सांगत होते, "हे आमचे जावई." खरं तर मला शरम वाटायला हवी होती. पण एवढा अभिमान मला स्वतःच्या लग्नातही वाटला नव्हता.

यंदा त्यांचा कळवणहून फोन आला. "जावईबापू, ज्वारी हुरड्यात आलीय अन् बुजगावणं वाऱ्यानं पडलं. नवीन उभं करू, का तुम्ही येताय?"

मी लगेच रजा टाकली. शेतावर गेल्यावर ऊन लागू नये म्हणून मामांनी मला बुजगावण्याचाच सदरा दिला. अगदी मापात बसला.