हात बदलला ती जागा

माझी काकू थर्मामीटरच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीला होती. कोमट पाण्यात बुडवलेली काचेची नळी उचलायची, डोळ्यांसमोर आडवी धरायची आणि पारा कुठल्या रेघेवर थांबलाय ते बघायचं. बरोबर असेल तर नळी उजवीकडे, चूक असेल तर डावीकडे. दिवसाला सहाशे नळ्या. हात जरासा हलला तर पारा दिसतच नाही, नुसता चमकून जातो. काकूचा हात हलत नसे. काठोकाठ भरलेला चहाचा कप ती बशीशिवाय आणायची आणि खाली थेंब पडायचा नाही. "पारा बघण्यात हिचा हात कुणी धरणार नाही," असं तिच्या खात्यातल्या बायका म्हणायच्या.

आमच्या घराण्यात मात्र तिचा हात भलत्याच कारणासाठी प्रसिद्ध होता.

काका त्याच कारखान्याच्या भांडारात कारकून होते आणि त्यांना टेपरेकॉर्डरचं वेड होतं. सुटकेसएवढं यंत्र, वर गरगरणाऱ्या दोन चकत्या. पाहुणे आले की ते यंत्र बाहेरच्या खोलीत यायचं आणि एकच टेप लागायची. टेपमध्ये गाणारी बाई तोवर फार मोठी झाली होती. तिच्यासाठी सभागृहं भरत, वर्तमानपत्रात तिचे फोटो येत. पण टेप होती ती त्याआधीची, तिला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं तेव्हाची. माणसं मांडी न बदलता ऐकायची. दुसरं गाणं संपता संपता काकू उठायची. "मी चहाचं बघते." मग तिसऱ्या गाण्यात तो आवाज वर वर चढून एका सुरावर जाऊन उभा राहायचा, खोलीतल्या सगळ्यांचा श्वास अडकायचा आणि काका बोट वर करायचे.

"आता ऐका. आता आमच्या मंडळींनी माती खाल्ली."

खर्र, खरखर, खट्. भर सुरात. सगळे हसायचे. आत स्टोव्ह भरभरत असायचा. लहानपणी मला वाटायचं, ते गाणं लागलं की चहा करायचा असतो.

खरं काय झालं ते काकूने मला एकदाच सांगितलं, शेंगा सोलताना, माझ्याकडे न बघता.

तिच्या लग्नाला सहा महिने झाले होते. कारखान्याच्या कँटीनमध्ये नवा कोबा घालत होते आणि पाच बायका तो ठोकायला आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात धुम्मस, म्हणजे उभ्या दांड्याला जडवलेला लाकडाचा जड ठोकळा. पाचही जणींनी एकदम उचलायचा आणि एकदम सोडायचा. एकदम सोडता यावा म्हणून गाणं. पहिल्या बाईने म्हणायचं, बाकीच्यांनी ओढायचं. पहिली बाई उंच, हडकुळी, पायाला चुना लागलेली. कारखान्यात तिला सगळे 'फरशीवाली' म्हणायचे. ती गायला लागली की भांडी घासणारा नळ बंद करायचा.

काकांनी ठरवलं, हिला टेप करायची. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाल्यावर यंत्र कँटीनमध्ये नेलं. चाळीसेक माणसं घरी जायची थांबली. काकांनी माइक स्टँडवर लावला आणि फरशीवालीला सांगितलं, "बाई, धुम्मस बाजूला ठेवा आणि नुसतं म्हणा."

"नुसतं कसं म्हणू? हात चालला नाही तर गळा चालत नाही माझा."

पण धुम्मस पडला की जमिनीतून स्टँड थरथरायचा आणि टेपवर नुसता दणका यायचा. माइक हातातच धरायला हवा होता, न हलणाऱ्या हातात. काकांनी चाळीस माणसांकडे पाहिलं आणि बायकोला हाक मारली. "अगं, ये इकडे. हे थर्मामीटर समज."

लोखंडी माइक, त्याला गुंडाळलेला रुमाल, मागे वायर. बायका ठोकत पुढे येणार, काकू तोंडासमोर माइक धरून पावला पावलाने मागे सरकणार.

"मी इतकी जवळ होते," काकू म्हणाली, "की तिचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. अगं, माणसाच्या आत एवढं असतं? मला वाटलं, काच फुटेल आता खिडक्यांची. आणि ती तर ओरडतसुद्धा नव्हती. पीठ चाळावं तशी सहज म्हणत होती. माझे डोळे भरले, पण पुसणार कुठल्या हाताने?"

एक गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात काकूचा हात दंडापासून बधिर झाला. बोटं आपली वाटेनात. माइक पडणार, हे कळल्यावर तिने तो डाव्या हातात घेतला. रुमाल घासला, वायर आपटली. त्याच क्षणी फरशीवालीने थेट तिच्याकडे पाहिलं.

"काय बघितलं गं तिने! डोळे असे मोठे करून. पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. मग यांनी टेप लावून बघितली आणि म्हणाले, वाटोळं केलंस."

पुढच्या आठवड्यात कोबा पुरा झाला आणि बायका गेल्या. आपल्या हातून एका मोठ्या गळ्याचं पहिलं गाणं नासलं, हे काकूने मनात पक्कं करून टाकलं. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं ती चहा करायला उठत राहिली.

काका गेले. दोन वर्षांनी ती गायिकाही गेली. मग एका रेकॉर्ड कंपनीला या टेपचा पत्ता लागला आणि एका सकाळी कंपनीची बाई आली. आखूड केस, पाठीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप. टेप तिने महिन्यापूर्वीच नेली होती. आता कोण, कुठे, कधी, ते विचारून लिहून घ्यायचं होतं. मीही तिथे होते.

"आजी, मी जुन्या टेपांमधला कचरा काढते."

"काकू म्हण. आजी म्हटलं की गुडघे दुखतात. कचरा म्हणजे? आवाज धुतेस तू?"

"तसंच समजा. तिसऱ्या गाण्यात एक खरखर आहे. ती साफ निघते. कळणारही नाही कुणाला."

काकूचा उजवा हात हल्ली थरथरतो. तो तिने डाव्या हाताखाली दाबून धरला. "निघते? पूर्ण?"

"पूर्ण."

"मग काढ बाई. आजच काढ."

बाई हसली. "काढते. पण आधी मला एक सांगा. हे गाणं त्या पुढे शेकडो वेळा गायल्या. तो वरचा सूर त्या दर वेळी चार आकडे मोजेपर्यंत धरतात. फक्त या टेपमध्ये तो अकरा आकडे आहे. एवढा लांब सूर त्यांनी पुन्हा कधीच लावला नाही. आणि तेवढा वेळ ठोकाही पडत नाही. आमच्याकडचे जाणकार महिनाभर यावर डोकं खाजवतायत. त्या दिवशी असं काय झालं होतं?"

"मला काय माहीत? ती जागा मी ऐकलेलीच नाही."

बाईने लॅपटॉप उघडला. दुसरं गाणं संपलं तशी काकू उठली. "मी चहाचं..." मी म्हटलं, "चहा मी करते, काकू. तू बस." पण मीही गेले नाही.

आवाज चढू लागला. धुम्मस पडत होते, धप्, धप्, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. सूर वर जाऊन उभा राहिला. काकूच्या ओठांवर आकडे होते. थर्मामीटर पाण्यात घातल्यावर मोजायची तिची जुनी सवय. एक, दोन, तीन. खर्र. आता ठोका पडायला हवा होता. पडला नाही. खरखर. सूर तसाच, दिव्याच्या ज्योतीसारखा, वाऱ्याशिवाय. सात. आठ. खट्. नऊ, दहा. मग सगळं स्थिर झालं. अकरा. आणि धप्, सूर उतरला.



"परत लाव," काकू म्हणाली.

या वेळी तिने उजवी मूठ तोंडासमोर धरली. ती थरथरत होती. खर्र झालं तशी तिने मूठ सोडली आणि डावी वर आणली, हळूहळू, तेव्हा आणली असेल तशी. डावी मूठ जागेवर आली आणि ठोका पडला.

"ती थांबली होती," काकू म्हणाली. "माझा हात बदलून होईपर्यंत थांबली. बाकीच्या चौघीही. एवढाले धुम्मस हवेत धरून! आणि मी म्हणते, रागावून बघितलं." ती माझ्याकडे वळली. "अगं, ती मला म्हणत होती, घे, घे, सावकाश घे."

पाच बायका, हवेत तोलून धरलेले पाच लाकडी ठोकळे आणि त्यांच्यावर न डगमगणारा तो सूर.

कंपनीच्या बाईने चष्मा काढून पुसला. "काकू, मग खरखर..."

"हात लावू नकोस. ती काढलीस तर लोकांना कसं कळणार, कुणासाठी थांबली ते?"

रेकॉर्ड निघाली तेव्हा खरखर तशीच होती. काकू आता आल्यागेल्याला ती ऐकवते, मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा. तिसऱ्या गाण्यात सूर चढला की थरथरणारं बोट वर करते आणि म्हणते, "आता ऐका."

चहा त्याआधीच झालेला असतो.