भर उन्हाळ्यातलं हिरवं

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमची कंपनी काश्मीरमध्ये, गुरेजच्या वरच्या अंगाला एका पोस्टवर होती. मी हवालदार, गाव टेंभुर्णी. माझ्या सेक्शनमध्ये शिपाई खंडू होता. पिंपळगाव रेणुकाईकडचा, मेंढपाळाच्या घरातला. एकाच जिल्ह्याचे म्हणून मला ‘दादा’ म्हणायचा.

पहाटे हत्यारं घेऊन स्टँड-टू, मग पाणी भरणं, मग गस्तीचं पॅट्रोल. रोज तेच. बर्फ वितळला की पोस्टखालचा अख्खा उतार गवतानं भरायचा. त्यात पिवळी, निळी, जांभळी फुलं. त्यांची नावं आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हती. खंडूकडं एक जुना कॅमेरा होता. कंपनी कमांडरांनी परवानगी दिल्ती, पण अट कडक. फुलं काढ, डोंगर काढ. बंकर, वाट आणि वर्दी रोलमध्ये दिसता कामा नये.

हा गुडघ्यावर बसायचा, पान चुरगाळायचा, वास घ्यायचा आणि मग फोटो काढायचा.

“हे मेंढरू आवडीनं खाईन, दादा. ते पलीकडचं न्हाई खायचं.”

“अरे लेका, तू फोटो काढून राह्यला का चारा बघून राह्यला?”

“दोन्ही,” म्हणायचा आणि हसायचा.

त्यामागचं कारण मला माहीत होतं. मेंढरं सोडून भरतीला पळून आल्यापासून त्याचा बाप, मसाजीबाबा, त्याच्याशी बोलत नव्हता. मागच्या सुट्टीत खंडूनं इथल्या गवताचं सांगितलं, तर म्हातारा बायकोकडं बघून म्हणाला, “उन्हाळ्यात कुठं हिरवं असतंय का? थापा मारून राह्यला त्यो.” खंडूला एवढंच हवं होतं. हे फोटो बापाच्या हातात द्यायचे आणि बापानं एकदा नावानं हाक मारायची. असल्या वेडाला काय म्हणावं! पण पोरगं त्याच आशेवर दिवस काढत होतं.

एक दिवस आम्ही रेशनची खेचरं आणायला खाली गेल्तो. वर येताना नाल्याच्या कडेला एक खेचर घसरलं आणि वाटेखालच्या कपारीत अडकलं. पाठीवर ओझं, पाय लटपटत होते. मी वायरलेस सेटवर पोस्टला रिपोर्ट दिला.

“एक जनावर घसरलंय. जिवंत आहे. ओव्हर.”

“जनावर सोडा. कॉलम पुढं काढा. ओव्हर.”

“रॉजर.”

खंडूनं गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिला.

“थांब,” मी म्हणालो. “ऑर्डर ऐकली ना?”

“ऐकली दादा. पण जितं जनावर सोडून जायचं कसं? आत्ता आलो बघा.”

उतरला. ओझ्याचे दोर कापले. खेचराच्या कानाशी काहीतरी बोलला, त्याला वळवलं आणि मागून रेटा दिला. खेचर धडपडत वाटेवर आलं. त्याच झटक्यात खंडूच्या पायाखालची दरड सुटली. ओरडलासुद्धा नाही. संध्याकाळी खाली नाल्यात सापडला. मी सगळ्यांदेखत रडलो. हवालदार असलो म्हणून काय झालं!

अंत्यसंस्कार तिकडंच झाले. रोल धुतल्यावर साहेबांनी एकेक फोटो तपासला. वर्दी कुठंच नव्हती. म्हणजे खंडूही कुठंच नव्हता.

अस्थी, ट्रंक आणि फोटो घेऊन मी पिंपळगावला गेलो. तार आधीच पोचली होती. मसाजीबाबा मोकळ्या रानात मेंढरांपाशी बसले होते. आजूबाजूला सगळं वाळलेलं. त्यांनी फोटो एकेक करून पाहिले, घाई केली नाही.

“हे समदं उन्हाळ्यातलं?”

“हो बाबा. मी तिथंच होतो.”

“आन् गेला कसा त्यो? बराबर सांगा.”

मी सगळं सांगितलं. ऑर्डर मोडली, तेही सांगितलं.

“जनावर वाचलं का?”

“वाचलं बाबा.”

“मंग चांगलं केलं पोरानं,” ते म्हणाले. हातातल्या फोटोत गवत होतं आणि मधे निळी फुलं. त्यावरून ते बोट फिरवत राहिले. मग एकदम त्यांनी माझं मनगट धरलं.

“त्याला म्हना, ये आता घरी. मी बोलतो त्याच्यासंग. खंडूला म्हना.”

मी म्हणालो, “हो बाबा. सांगतो.”