आबांचं उभं राहणं

सत्कार हा शब्द ऐकला की मी अजून तिथून उठून जाते. ती शाल, तो नारळ आणि माइकवर ओरडणारा कुणीतरी लाळघोट्या. माझ्या वडिलांचं, आबांचं, वाटोळं याच सामानानं झालं.

माझं माहेर इनामगावच्या अंगाला, घोड नदीच्या काठी. आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं; पुढं कळप विकून त्यांनी ऊस केला. दारूला त्यांनी जन्मात हात लावला नाही आणि त्याचा त्यांना गर्व होता. दुसरा गर्व उठून उभं राहण्याचा. दारात कुणीही येवो, शेंबडं पोर का असेना, आबा ताडकन उठायचे.

सत्तरी ओलांडल्यावर उठताना त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. बीपीची गोळी चालू होतीच. गावातला डॉक्टर त्यांना खुर्चीत बसवून दंडाला पट्टा बांधायचा आणि आकडा चढलेला दिसला की गोळी वाढवायचा. मी दौंडजवळ खुटबावला दिलेली, म्हणून आबांना दौंडच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी बीपी आधी झोपवून मोजलं, मग उभं करून. उभं केल्यावर पारा इतका खाली आला की बाईंनीच आबांना धरलं.

"वयानं होतं असं," त्या म्हणाल्या. "तरुण माणूस उठला की त्याच्या शरीरातले हार्मोन लगेच कामाला लागतात. नसा आवळतात, मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात. म्हातारपणी त्यातले काही कमीच तयार होतात, आणि काहींचं नसा पटकन ऐकत नाहीत. तहानसुद्धा नीट लागत नाही. म्हणून बसल्यावर बीपी जास्त आणि उभं राहिलं की एकदम कमी."

"म्हंजी धनगर वराडतोय आन् मेंढरं जाग्याची हालत न्हाईत," आबा म्हणाले. बाई हसल्या. त्यांनी गोळी अर्धी केली, पाणी पाजत राहा म्हणाल्या, आणि उठताना आधी पाय खाली सोडून थोडं बसायचं, हे आबांकडून दोनदा वदवून घेतलं. महिनाभरात आबा पुन्हा बांधावर फिरायला लागले.

माझा थोरला भाऊ, दादा, रांजणगावच्या कंपन्यांना लेबर पुरवायचा. त्याला सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेलमध्ये जागा हवी होती. त्यासाठी साहेबांना, म्हणजे तालुक्याच्या पुढाऱ्याला, गावात आणायचं होतं. निमित्त काय, तर ज्येष्ठ शेतकरी म्हणून आबांचा सत्कार. एरवी बाप जेवला का, हेही त्यानं कधी विचारलं नव्हतं.

कार्यक्रमाला मी पोचले तेव्हा आबा फेटा बांधून स्टेजवर बसलेले. ओठ सुकलेले. वहिनीला विचारलं.

"सकाळधरनं पाणी दिलं न्हाई," ती म्हणाली. "स्टेजवरनं लघवीला उठले तर कसं दिसंल, म्हनले हे. आन् गोळ्या दोन दिल्यात, गर्दीत बीपी चढाया नको म्हनून."

मी दादाला गाठलं. "अरे, बाईंनी अर्धी सांगितलीय! निदान बसून तरी सत्कार घेऊ दे त्यांना."

"साहेब हुबं आन् आबा बसून? इज्जत हाय का न्हाई?"

तांब्या घेऊन मी आबांकडं गेले, तर त्यांनीच नको म्हणून मान हलवली. पोराला शब्द दिला होता ना!

ऊन डोक्यावर आल्यावर साहेब उगवले. आबा सवयीनं ताडकन उठले. खांद्यावर शाल पडली, आणि आबा तिच्यासकट खाली कोसळले. खुब्याचं हाड मोडलं.

"आबांना आनंद झेपला नाही!" माइकवरचा खिदळला. मांडव हसला. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारं दारू घिऊन आलंय." दुसऱ्या दिवशी गावभर तेच झालं होतं.

"लोकांना खरं सांग," मी दादाला म्हणाले. तो सत्काराचे उरलेले पेढे खात होता.

"काय सांगू? बापाला गोळ्या चारून पाडला? आता कुठं पॅनेलमधी जागा मिळालीया. इसरत्याल लोक."

बोटांना लागलेला खवा त्यानं चाटला. सख्ख्या भावाची इतकी शिसारी येते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आबा मात्र विसरले नाहीत. पुन्हा ते उभे राहिलेच नाहीत. खाटेवर पडून, भेटायला येईल त्याच्यापुढं ते आ वासायचे. "हुंगा. येतोय का वास?" माणसं ओशाळून इकडंतिकडं बघायची. एखादा म्हातारा खरंच वाकून हुंगायचा आणि "न्हाई आबा, न्हाई येत," म्हणायचा. मला ते बघवायचं नाही.

निवडून आल्यावर दादा साहेबांना घरी घेऊन आला, सोबत फोटोवाला. आबांनी त्यांच्यापुढंही आ वासला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि मागं सरकले.

"वय झालं की व्हतंय असं," दादा हसून म्हणाला.

आबांनी मान त्याच्याकडं वळवली. "तू तरी हुंग रं. तुला तर ठावं हाय."

दादा साहेबांना गाडीपर्यंत सोडायला निघून गेला. आबांनी बराच वेळ तोंड मिटलं नाही.