हिर्डोशीची धुतलेली बाटली

निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली, तरी हिर्डोशीची ती केस मनातून जात नाही. भोर तेव्हा संस्थान होतं. मी नवा फौजदार. ठाण्यात एक हवालदार आणि तीन शिपाई. वर्दी आली की भाकरी बांधून घ्यायची आणि नीरेच्या काठाने चालत सुटायचं. पाय भरून यायचे, पण तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

वर्दी पाटलांनी पाठवली होती. खोकल्याने आजारी असलेली एक म्हातारी औषध घेतल्यावर दोन तासांत गेली. सुनेने विष घातलं, अशी खुद्द म्हातारीच्या नवऱ्याचीच फिर्याद. प्रेताच्या तपासणीत विष निघालंही.

त्या काळी दवाखान्यात बाटली आपली आपण न्यावी लागे. डोंगरात बाटल्या थोड्या, म्हणून त्या घरोघर फिरत. बाजाराला जाईल त्याने सगळ्यांची औषधं आणायची, अशी रीत. त्या आठवड्यात ही सूनच गेली होती. एका खाजगी डॉक्टरांकडून तिने सासूसाठी खोकल्याचं औषध आणलं आणि शेजारच्या आजोबांसाठी गुडघ्याला चोळायचं. पोटात घ्यायच्या औषधाच्या बाटलीवर खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवत. एक खाच म्हणजे एक वेळ. चोळायच्या बाटलीला पट्टी नसे. निरक्षर माणसालाही तेवढं कळे.

"म्हातारीची बाटली कुठाय?" हवालदाराने दरडावलं. सुनेने राखेने घासून लख्ख केलेली बाटली पुढे ठेवली.

"धुतलीस?" मी विचारलं.

"व्हय."

औषध गेलं, पट्टीही गेली. मी पंचनाम्यात ऐटीत लिहिलं, 'आरोपीने पुरावा नष्ट केला.' खुनाचा आरोप लावून तिला भोरच्या कोठडीत टाकलं. ती नुसती रडत होती. रडणं हे मी तेव्हा गुन्हेगाराचंच लक्षण समजायचो.

सहाव्या दिवशी जबाब घ्यायला पुन्हा हिर्डोशीला गेलो. शेजारचे आजोबा कुरकुरत होते, "सायेब, डाक्टरनं कसलं औशिद दिलंया! गुडगा दुकतोयच, वर मुंगळं लागत्यात."

मी त्यांची बाटली मागवली. बोट बुडवून जिभेला लावलं, तर गोड! म्हातारीचं खोकल्याचं औषध आजोबा गुडघ्याला चोळत होते. आणि बाटलीवर पट्टीची खूणसुद्धा नव्हती. म्हणजे चोळायचं विषारी औषध पट्टी लावलेल्या बाटलीत गेलं होतं, आणि बिचाऱ्या सुनेने खाच बघून ते सासूला पाजलं होतं.

ती बाटली घेऊन मी डॉक्टरांचा दवाखाना गाठला. औषधं भरून देणारा कंपाउंडर आधी उडवाउडवी करू लागला. "बाईनेच घरी अदलाबदल केली असेल." मी आजोबांची बाटली टेबलावर ठेवली. "आत खोकल्याचं औषध आहे. मग हिला पट्टी का नाही?" त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि कबूल केलं. "बाजारच्या गर्दीत रिकाम्या बाटल्यांना आधीच पट्ट्या लावून ठेवतो, साहेब. भरताना हात चुकला."

सून त्याच दिवशी सुटली. तिचे सासरे ठाण्याच्या पायरीवर येऊन बसले. "म्या गरीब पोरीचं वाटुळं केलं. आता डाक्टरावर दावा लावतो." मी त्यांना वकिलाकडे नेलं. वकिलांनी विचारलं, भरपाई किती मागायची?

"पैका कशाला? सुनंनं इख दिलं न्हाई, येवडं कोर्टाकडनं लिवून घ्या."

भरपाई मागितल्याशिवाय दावा चालत नाही, हे त्यांच्या गळी उतरवताना वकील दमले.

दिवाणी कोर्टात डॉक्टरांच्या वकिलांनी माझाच पंचनामा वाचून दाखवला. "पुरावा नष्ट केला, हे वाक्य आपलंच ना?"

"माझंच. आणि ते चूक आहे," मी म्हणालो. भर कोर्टात मान खाली गेली, पण बोललो याचं आजही समाधान वाटतं.

न्यायाधीशांनी सुनेला शांतपणे विचारलं, "बाई, बाटली का धुतलीस?"

"शेजारणीची हुती, सायेब. दुसऱ्याची चीजवस्त खरकटी कशी परत करायची?"

दावा मंजूर झाला, आणि सुनेने विष दिलं नाही, हेही निकालात लिहून आलं. निकालाची नक्कल पाटलांनी चावडीवर मोठ्याने वाचली. सासरे सुनेकडे वळले. "आयकलं गं पोरी समद्या गावानं."

"व्हय मामंजी," ती म्हणाली, "आता घरला चला, भाकऱ्या गार हुत्यात."

पुढे नोकरीत कुणाच्याही वागण्याचा अर्थ लावण्याआधी मी त्यालाच कारण विचारू लागलो. त्या बाईला मी सहा दिवस कोठडीत ठेवलं होतं. बाटली धुतलीस का, हे विचारलं होतं. का धुतलीस, हे एकदाही विचारलं नव्हतं.